एअर पिस्तुलाची नळी ब्लू करताना दर वेळी त्याच जागी डाग राहतोय? कारण सापडलं

आधी प्रॉब्लेम सांगतो. जुन्या एअर पिस्तुलाची नळी घरी पारंपरिक पद्धतीने ब्लू करत होतो, म्हणजे पोलादावर निळसर काळा थर चढवत होतो. गंज आणायचा, उकळायचा, घासायचा, परत गंज आणायचा, ती रस्ट ब्लूइंगची पद्धत. आणि दर राउंडनंतर नळी जिथं मागच्या ब्लॉकमध्ये शिरते तिथून पुढं तीन बोटं एक पांढुरका पट्टा उघडा राहायचा. बाकी नळी काळी होत चाललीय आणि हा पट्टा जसाच्या तसा. तीन वेळा सगळं पॉलिश पेपरने उतरवून पहिल्यापासून केलं, तिन्ही वेळा डाग तिथंच. कारण सापडेपर्यंत जून आणि जुलै पूर्ण गेले, म्हणून जे जे करून बघितलं ते सगळं लिहितोय, कुणाचे तरी दोन महिने वाचतील.

पिस्तूल मामाचं. .१७७ चं म्हणजे ४.५ मिलिमीटरचं, स्प्रिंगवालं, नळी खाली मोडून छर्रा भरतात ते. मामा तरुणपणी वरळीच्या रेंजवर जायचा, नंतर घरीच गॅलरीत पुठ्ठा लावून नेम धरायचा, आणि दर पावसाळ्यात न चुकता त्याला तेल पाजायचा. कधी शिलाई मशीनचं तेल, ते संपलं असेल तर घरातलं खोबरेल. हे तेलाचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कायद्याचं पण आधीच सांगून टाकतो. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर (नळीच्या आतलं भोक) आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअरगनला लायसन्स लागत नाही, मी जे सांगतोय ते तेवढ्यापुरतंच. घरात लायसन्सचं खरं पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर असेल तर ते घरी उघडू नका, १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे शस्त्र रिपेअर करणाऱ्यालासुद्धा वेगळं लायसन्स लागतं, अशा माणसाकडेच द्या. आणि पॉलिश करताना शस्त्रावरचा नंबर घासून गेला तर तो सरळ गुन्हा आहे.

आता पद्धत थोडक्यात, कारण ती माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. नळी ३२० आणि मग ४०० नंबर पेपरने एकसारखी करायची, त्याच्यापुढं आरशासारखी चमकवायची नाही, सोल्यूशन पकडत नाही. मग तेलाचा अंशही राहणार नाही अशी धुवायची. मग सोल्यूशनचा अगदी पातळ हात, कापूस ओला नको, नुसता दमट. दमट जागी ठेवायची, तिच्यावर केशरी मखमल आल्यासारखा बारीक गंज येतो. तो आला की उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. केशरी रंग डोळ्यांदेखत काळा होतो, लाल गंजाचा मॅग्नेटाइट होतो, लोहचुंबकाच्या दगडात असतो तोच काळा ऑक्साइड. वर काजळीसारखी लव राहते ती ०००० नंबरच्या स्टील वूलने हलक्या हाताने काढायची, खाली धातूला घट्ट चिकटलेला थर राहतो. असे सहा ते दहा राउंड. पहिल्या राउंडला करडं, तिसऱ्याला शिसपेन्सिलीसारखं, सहाव्या-सातव्याला खरी निळसर काळी झाक दिसायला लागते, आणि ती दिसली की केलेल्या मेहनतीचं चीज होतं.

मी वागळे इस्टेटला टूलरूममध्ये आहे, आमच्या लाइनमध्ये ब्लॅकोडायझिंग, म्हणजे पोलाद काळं करणं, रोजचंच, कॉस्टिक आणि नायट्रेटच्या मिठात १४० डिग्रीच्या आसपास. ते घरी करायचा विचारसुद्धा करू नका, तापलेल्या कॉस्टिकमध्ये पाण्याचा थेंब पडला तर सगळं तोंडावर उडतं. आणि बाटलीतलं कोल्ड ब्लू पुसून लगेच काळं होतं खरं पण हाताळता हाताळता निघून जातं. गंजाची पद्धत सावकाश आहे पण घरच्या किचनमध्ये जमणारी आहे आणि टिकते.

सोल्यूशन म्हणून मी फेरिक क्लोराइड वापरलं, सर्किट बोर्डावरचं नको असलेलं तांबं खाऊन काढायला लॅमिंग्टन रोडला मिळतं ते, डिस्टिल्ड वॉटरमध्ये खूप पातळ करून, कोऱ्या चहाएवढा रंग येईल इतकं. कपड्यावर पडलं तर डाग जात नाही, हातात ग्लव्हज आणि खिडकी उघडी हवी.

पिस्तूल उघडताना एक सांभाळा, आतली स्प्रिंग दाबलेली असते, क्लॅम्पमध्ये धरल्याशिवाय मागची पिन काढू नका, सुटली तर गोळीसारखी येते. चामड्याचा वॉशर, स्प्रिंग, ट्रिगरचे भाग सगळं बाहेर. माझ्या पिस्तुलाची ग्रिपची फ्रेम डायकास्ट आहे, म्हणजे साच्यात ओतलेल्या हलक्या धातूची, तिच्यावर हे ब्लूइंग चढत नाही, ते फक्त लोखंड-पोलादाचं काम. नळीच्या दोन्ही तोंडांना लाकडाची गुटकी ठोकली, आतल्या आट्यांना, म्हणजे छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या खाचांना, गंज लागला तर नेम गेलाच.

आता डागाकडे.

पहिला संशय अर्थातच हातावर. मुंबईत जूनमध्ये बोटांना घाम नाही असा माणूस दाखवा, आणि घामात मीठही असतं, तेलही असतं. म्हणून नायट्राइल ग्लव्हज आणले, आधीचे पावडरवाले फेकले. पुढचा राउंड काढला, डाग तिथंच. नंतर मुद्दाम एका भंगार बोल्टवर अंगठा टेकवून बघितलं, तर बोटाचा डाग वेगळाच दिसतो, छोटा, लांबट गोल, कडेला कधीकधी रेषासुद्धा उमटतात. माझा पट्टा तसा नव्हताच.

दुसरा संशय पाण्यावर. मी पहिल्यांदा नळाचंच पाणी उकळलं होतं. आपल्या मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसाकडचं, प्यायला उत्तम, पण त्यात क्लोरीन घालतात आणि क्षार थोडेफार असतातच, आणि उकळून उकळून आटलं की ते आणखी दाट होतं. त्याने नळीवर पांढरट टिपके आणि पाणी सुकल्यासारख्या बारीक रिंगा येत होत्या हे खरं. गॅरेजवाल्याकडून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, पाच-पाच लिटरचे कॅन, आणि टिपके पूर्ण बंद झाले. त्या दिवशी मला वाटलं सुटलो. पण पट्टा? तिथंच. म्हणजे पाण्याचा प्रॉब्लेम होता पण तो वेगळा प्रॉब्लेम होता, एकात एक दोन अडकले होते.

तिसरा, आणि याच्यात मी सगळ्यात जास्त दिवस घालवले, हवेचा. परदेशातले लोक या कामासाठी डॅम्प बॉक्स बनवतात, आत ओला टॉवेल, बल्ब वगैरे. आपल्याला जुलैमध्ये त्याची गरजच नाही, प्रभादेवीला समुद्र एवढा जवळ की खिडकीचे गज रंगवून वर्ष होत नाही तोवर फुगतात. घरात नुसतं टांगून ठेवलं तरी दीड-दोन तासांत मखमल येते. रात्रभर ठेवली तर मखमल राहत नाही, खपली धरते, आणि खपली निघाली की खाली खड्डे. म्हणून पावसाळ्यात हे काम रात्री लावून झोपायचं नाही, दर अर्ध्या तासाने बघायचं. दुसरं म्हणजे दव. गार नळी दमट हवेत आणली की तिच्यावर पाण्याचे बारीक थेंब धरतात, फ्रिजमधल्या बाटलीवर धरतात तसे, आणि प्रत्येक थेंबाखाली वेगळा गंज येऊन चित्त्यासारखे ठिपके पडतात. त्याला उपाय म्हणजे सोल्यूशन लावायच्या आधी नळी हेअर ड्रायरने कोमट करायची, हाताला ऊब लागेल इतपत. ठिपके गेले. पट्टा तिथंच!

चौथा संशय पोलादावर. नळीचा काही भाग तापवून कडक केलेला असेल तर तो रंग वेगळा घेतो, हे टूलरूममध्ये रोज बघतो. पण तसं असेल तर सीमा स्वच्छ दिसते, आणि मुख्य म्हणजे तो भाग रंग घेतो, फक्त उशिरा किंवा जांभळट घेतो. माझ्या पट्ट्याने काहीच घेतलं नव्हतं, गंजच येत नव्हता तिथं. कानस फिरवून बघितली, दोन्हीकडे सारखीच लागली. म्हणजे पोलादाचा दोष नाही.

इथं थांबून मी एक गोष्ट केली जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. प्रत्येक राउंडला मोबाइलवर फोटो काढला, एकाच उजेडात, एकाच बाजूने. आणि पाच फोटो शेजारी शेजारी लावले तेव्हा दिसलं की बाकीचे किरकोळ डाग दर वेळी जागा बदलतात, आज इथं उद्या तिथं, आणि पट्टा एक सूतभर हलत नाही. जागा बदलणारा डाग बाहेरून येतो, पाण्यातून, हवेतून, हातातून. जागा न सोडणारा डाग जॉबच्या, म्हणजे हातातल्या वस्तूच्या, आतून येतो. तुमच्याकडे डाग असेल तर आधी एवढंच बघा, बाकीचं नंतर.

मग पट्टा नीट बघितला, भिंगातून. तो पट्टा नव्हताच, जिभेसारखा होता. ब्लॉकच्या जोडापाशी रुंद, आणि पुढं नळीच्या तोंडाकडे निमुळता होत गेलेला. म्हणजे काहीतरी जोडातून निघून नळीवरून ओघळलं होतं. पण माझं डोकं इथं अडकलं, कारण मी नळी टोपात टांगायचो ती तोंड वर, ब्लॉक खाली. बाइंडिंगची लोखंडी तार तोंडाकडच्या गुटक्याला अडकवून. मग ओघळ खालून वर कसा जाईल?

दुसऱ्या दिवशी उकळताना गॅससमोरून हललोच नाही. पाणी उकळायला लागल्यावर पाचेक मिनिटांनी जोडाच्या फटीत एक चकाकता मणी दिसला, मोहरीपेक्षा बारीक. तो फुगला, सुटला, आणि नळीला चिकटून चिकटून वर सरकला. तेल! पाण्यात तेल वरच जाणार. मामाने इतकी वर्षं पाजलेलं तेल त्या प्रेस-फिटच्या (दाबून घट्ट बसवलेल्या जोडाच्या) फटीत जाऊन बसलं होतं, बाहेरून ॲसिटोनने कितीही पुसलं तरी आतलं हलत नव्हतं, आणि उकळलं की पातळ होऊन एकेक मणी बाहेर यायचा, वर जाताना नळीवर आपली वाट सोडून. पाण्यावर बघितलं तर इंद्रधनुष्यासारखा तवंग. आणि मी दर वेळी नळी त्याच तवंगातून वर काढत होतो, म्हणजे उरलेल्या नळीवरही अगदी पातळ तेलाचा हात बसत होता, म्हणूनच बाकीचा रंगही कुठं ढगाळ, कुठं दाट असा येत होता.

खात्री करायला पुढच्या राउंडला नळी उलटी टांगली, ब्लॉक वर आणि तोंड खाली. नळीवरची जीभ आली नाही, डाग ब्लॉकच्या बाजूला चढला. मग शंकाच राहिली नाही.

उपाय असा केला. जोड प्रेस-फिट आहे, आडवी पिन पण आहे, तो ठोकून काढायचा नाही, नळी वाकडी बसली तर पिस्तूल गेलं. म्हणून तेलच बाहेर काढायचं. धुण्याचा सोडा, किराणावाल्याकडे मिळतो तो, लिटरला दोन मोठे चमचे, त्यात नळी अर्धा तास उकळली. पाण्यावर पिवळट फेस आणि तवंग आला, सगळं पाणी ओतलं. परत नवीन सोडा, परत अर्धा तास. दोन उकळ्यांच्या मध्ये गॅस बंद करून, खिडकी उघडून, जोडावर हीट गन मारली आणि बाहेर येणारं तेल सुती कपड्याने टिपलं. तिसऱ्या दिवशी रात्रभर झाकणाच्या बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवून गॅलरीत ठेवली, किचनमध्ये नाही, ॲसिटोनची वाफ लांबून पेट घेते. ॲसिटोन सकाळी फिकट चहासारखं झालं होतं! मग परत सोड्याची उकळी. पाचव्या उकळीला पाणी आरशासारखं स्वच्छ राहिलं, तोपर्यंत थांबलो नाही.

सोडा पूर्ण धुऊन काढायला डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक साधी उकळी द्यायची, नाहीतर सोल्यूशन लावल्यावर सोडा त्यालाच मारतो. मग परीक्षा, नळीवर स्वच्छ पाणी ओतायचं. पाणी चादरीसारखं सलग पसरलं तर तेल गेलं, कुठं फाटलं किंवा थेंब बनून गोळा झालं तर तिथं तेल आहे. खोबरेल लावलेल्या केसांवर पाणी कसं ठरत नाही तसंच.

आणि नळी काढायची पद्धत बदलली. उकळी झाली की दुसऱ्या भांड्यातलं उकळतं डिस्टिल्ड वॉटर टोपात ओतायचं, टोप सिंकमध्ये ठेवून, काठावरून पाणी वाहून जाईपर्यंत. वरचा थर तवंगासकट वाहून जातो आणि मग नळी स्वच्छ पाण्यातून वर येते. जड टोप उकळत्या पाण्यासकट उचलायचा असतो, दोन्ही हातांना जाड कपडा घ्या आणि मुलांना बाहेर पाठवा. टोप स्टेनलेसचा घ्या, ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा पत्रा नको, आणि तो परत स्वयंपाकाला वापरायचा नाही. आमच्या आईने मला एक कायमचा वेगळा काढून दिला, वर ऑइल पेंटने फुली मारलीय.

अजून एक तेलाची जागा आहे जी लोक विसरतात, स्टील वूल. ते गंजू नये म्हणून कंपनीतूनच तेल लागून येतं. माझा नागदेवीला घेतलेला गुंडाळा हातात धरला तरी बोटं तुळतुळीत व्हायची. त्याचे छोटे तुकडे करून ॲसिटोनमध्ये दोनदा पिळले आणि वाळवले, मगच वापरले. भांडी घासायची तार अजिबात नको, ती जाड असते, चरे पाडते.

एवढं करून पहिला राउंड लावला. दुपारचे दोन, बाहेर धो धो पाऊस, पावणेदोन तासांत नळीवर तोंडापासून ब्लॉकपर्यंत सलग केशरी मखमल, जोडापाशीसुद्धा. उकळली, काढली, घासली. पट्टा नाही. मी नळी खिडकीपाशी नेऊन गोल गोल फिरवून बघत बसलो, कुठूनच सुरुवात कुठं आणि शेवट कुठं कळेना इतका रंग सारखा. आठ राउंड चार दिवसांत झाले, रविवारी तीन.

शेवटचं काम घाईत उरकू नका. फेरिक क्लोराइड वापरलं असेल तर क्लोराइड फटीत आणि बारीक छिद्रांत राहतं आणि आठवड्याभराने ब्लूइंगच्या वर परत लाल फुलोरा येतो, आणि मुंबईची हवा त्याला खतपाणीच घालते. म्हणून शेवटच्या घासणीनंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटं उकळायचं, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक उकळी, आणि नळी गरम आहे तोवरच मशीन ऑइल भरपूर लावून चोवीस तास तशीच ठेवायची. त्या तेलात रंग आणखी गडद होतो, करडेपणा जाऊन निळी झाक वर येते. पुढचे सात-आठ दिवस रोज रात्री पांढऱ्या कपड्याने पुसून बघायचं, कपड्यावर तांबूस आलं तर परत सोड्याची उकळी आणि तेल. मला तिसऱ्या दिवशी जोडापाशी किंचित तांबूस आलं, एक उकळी परत दिली, नंतर नाही आलं.

ठेवताना रेक्झिनच्या किंवा स्पंजच्या पाउचमध्ये नको, स्पंज ओल धरून ठेवतो. मी तेल लावलेल्या सुती कपड्यात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवतो, पुड्या महिन्याला तव्यावर मंद गरम करून कोरड्या करतो.

गणपतीत मामा आला तेव्हा पिस्तूल त्याच्या हातात दिलं. चष्मा कपाळावर सारून नळी खिडकीच्या उजेडात धरली, जोडावरून अंगठा फिरवला, आणि पहिला प्रश्न विचारला, "तेल कुठलं लावलंस?" मशीन ऑइल म्हणालो. आता पिस्टनची स्प्रिंग असलेली ट्यूब करायची आहे, तिला वेल्डचा जोड आहे, तिथंही फट असणार, म्हणून सोल्यूशनला हात लावायच्या आधी तिच्या सोड्याच्या उकळ्या चालू केल्यात. दोन झाल्या, दुसरीलाही तवंग आलाय.